सहावी-सातवीत जे सुटतं ते नववीत आडवं येतं : सोलापूरच्या पालक-शिक्षकांशी बोलायचंय

गणितवाली

नमस्कार. मी पूर्व भागातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवते. जूनमध्ये नववीचा वर्ग हातात आला की सुरुवातीचे काही तास मी पुस्तक उघडत नाही. फळ्यावर साधी उदाहरणं देते. उणे सात अधिक तीन. दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश. तीन एक्स अधिक पाच एक्स. मग बाकांमधून फिरत वह्या बघते. पहिल्याचं उत्तर उणे दहा लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. दुसऱ्यात वरचे वर आणि खालचे खाली मिळवून पाच सप्तमांश लिहिलेलं असतं. तिसऱ्याला आठ एक्स वर्ग. आणि ही सगळी नीटनेटकी वही ठेवणारी, शहाणी मुलं बरं का.

यातलं काहीच नववीचं नाही. पूर्णांक संख्या सहावीत येतात, बैजिक राशी सातवीत, त्यांचे अवयव आठवीत. नववीचा 'बहुपदी' हा धडा या तिन्हींवर उभा आहे. शिवाय आठवीपर्यंत गणिताचं एक पुस्तक असतं, नववीत दोन होतात. भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहावं लागतं. उत्तर काय, एवढं सांगून भागत नाही, ते कशावरून हेही लिहायचं असतं. ज्या मुलानं तीन वर्षं फक्त फळ्यावरचं उतरवून घेतलंय, त्याला 'कशावरून' या प्रश्नाची सवयच नसते.

आणि हे सगळं येतं त्याच वर्षी मुलाच्या भोवतालचे बाकीचे आधारही निघून जातात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांवरचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत. मूल्यमापन बदलतं : सातवी-आठवीत ४० गुण आकारिक (वर्षभराच्या वर्गातल्या कामावर) आणि ६० संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेवर), नववीत सरळ ८० ची लेखी आणि २० अंतर्गत. वय तेरा-चौदा, घरात कुणाशी धड बोलायचं नाही असं वय. इतक्या गोष्टी एकाच जूनमध्ये बदलतात आणि आपण म्हणतो, 'नववीत गेला आणि पोरगा बिघडला.'

माझं म्हणणं एवढंच आहे की नववीची तयारी सहावी ते आठवीत होते, आणि नेमक्या याच तीन वर्षांकडे कुणाचं लक्ष नसतं. चौथीपर्यंत आई अभ्यास घेते. दहावीला सगळं घर कामाला लागतं. मधल्या वर्षांना वाली नाही. तुमच्याकडे काय दिसतं? पालकांनीही लिहा, फक्त शिक्षकांनी नको.

विजापूरवेस

मॅडम, माझा पोरगा सातवीला आहे, महापालिकेच्या शाळेत. मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. त्याच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत, जूनमध्ये आठवीला दुसरीकडं घालावं लागणार. आमच्या गल्लीत सगळे म्हणतात सेमीला घाल, सेमीला घाल, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचं मराठीत. ह्यानं आतापर्यंत सगळं मराठीत केलंय. विचारलं तर 'जमतंय की' म्हणतो. पण खरंच जमतंय का नाही, ते मला कसं कळणार? मी स्वतः आठवीत शाळा सोडलती.

जुनीगिरणी

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. २०१० पासून शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबलं आणि मधल्या वर्गांतलं गांभीर्य गेलं. पूर्वी सातवीला केंद्र परीक्षेचा धाक असायचा. पोरगं जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपली की अभ्यासाला बसायचं. आता शासनालाही ते पटलेलं दिसतं, म्हणून २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, तिथंही नापास झाला तर त्याच वर्गात. हे व्हायलाच हवं होतं. परीक्षा नसेल तर शिक्षकही ढिले पडतात, हे मी आतून बघितलंय.

अक्कलकोट_लोकल

सर, तुमचा मुद्दा आमच्याकडे थोडा वेगळा पडतो. मी सीमेलगतच्या गावात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत शिकवतो. सातवीपर्यंत कन्नड माध्यम. आठवीला जवळचं हायस्कूल मराठी. मुलं आमच्याकडे चुणचुणीत असतात, पाण्याच्या अवस्था सांगतात, परिपथ जोडून दिवा पेटवून दाखवतात. तीच मुलं आठवीत जाऊन दोन महिन्यांनी भेटली की मान खाली. पानभर मराठी वाचायला एवढा वेळ लागतो की प्रश्नापर्यंत पोचेपर्यंत तास संपतो. त्यांना विज्ञान येत नाही असं नाही, वाचनाचा वेग कमी पडतो. अशा मुलाला नापास करून तुम्ही काय मोजलं?

आम्ही दोन शिक्षकांनी मिळून सहावीपासून एक पद्धत बसवली आहे. आठवड्यातले दोन तास विज्ञानाचा शिकवून झालेलाच धडा मराठी पुस्तकातून वाचायचा. आशय आधीच माहीत असतो, त्यामुळे भाषेचं ओझं वाटत नाही. मुलं एकमेकांना वाचून दाखवतात, अडलेला शब्द फळ्यावर येतो. वरून कुणी सांगितलेलं नाही, वेळापत्रकात त्याला नावही नाही. पण पुढच्या हायस्कूलमधले शिक्षक म्हणाले की यंदाची पोरं हात वर करतात.

शेवटचाबाक

मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी. आई विड्या वळायची. सहावी-सातवीत माझं काम ठरलेलं होतं : शाळेतून आल्यावर पानं कापायची, तयार विड्यांची तोंडं बंद करायची, संध्याकाळी आईबरोबर कारखान्यात माल द्यायला जायचं. माल परत आला, छाट निघाली तर त्या दिवशी घरात कुणी अभ्यासाचं विचारायचं नाही. आमच्या वर्गात निम्म्या मुलींचं असंच होतं. त्यामुळे गैरहजेरी कुणाला खटकायची नाही. आठवड्यातला एखादा दिवस जायचाच, आणि त्याच दिवशी भागाकाराचं काहीतरी नवीन शिकवलेलं असायचं.

आठवीला मोठ्या शाळेत गेलो. शाळेचं नाव सांगत नाही. पहिल्याच आठवड्यात एक छोटी चाचणी घेतली आणि तुकड्या पाडल्या. 'अ' म्हणजे सेमी, हुशार. आम्ही सगळ्या महापालिकेच्या शाळेतून आलेल्या 'ड' मध्ये. त्यात वाईट कुणी काही बोललं नव्हतं. पण 'अ' ला गणिताचे कायमचे शिक्षक होते, आमच्याकडे दिवाळीपर्यंत तीन बदलले. 'ड' मधल्या मुलीनं प्रश्न विचारला की वर्गच तिच्याकडे बघायचा. मी विचारणं सोडून दिलं. नववीत गेले तेव्हा मला काय येत नाही हे मलाही सांगता येत नव्हतं, इतकी गप्प राहायची सवय झाली होती.

मला वर काढलं ते इतिहासाच्या बाईंनी. त्या गाईडमधलं उत्तर पाठ करून लिहिलं की पूर्ण गुण द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, दोनच ओळी लिही, पण तुझ्या लिही. चुकलं तर लाल रेघ मारायच्या नाहीत, शेजारी पेन्सिलीनं प्रश्न लिहायच्या : 'हे असं का झालं असेल?' वही परत आली की त्या प्रश्नाचं उत्तर त्याखालीच लिहायचं. वर्षाच्या शेवटी त्या वहीत माझ्या लिहिण्यापेक्षा आमचं बोलणंच जास्त होतं. विषय इतिहास होता, पण विज्ञानाचा धडा एकटीनं वाचून समजून घेता येतो हे मला तिथं कळलं. हेच सहावीत मिळालं असतं तर नववीतलं ते वर्ष मला इतकं जड गेलं नसतं.

भीमाकाठ

शेवटचाबाक, ताई, छान लिहिलंत.

आमच्या भागात मुलींचं गणित आणखी वेगळं. गावात सातवीपर्यंत शाळा, हायस्कूल दुसऱ्या गावात. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, पण गाडी शाळेच्या वेळेला आली पाहिजे ना. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. आणि मासिक पाळीच्या दिवसांत शाळेत स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर मुलगी घरीच थांबते, हे कुणी हजेरीपटावर लिहीत नाही. सातवीतच जिची हजेरी विरळ झाली, तिच्या आठवीच्या प्रवेशाला घरचे फारसे उत्सुक नसतात. आमच्याकडे नववीत गळणाऱ्या मुलीची गोष्ट सातवीत सुरू झालेली असते.

गणितवाली

हजेरीबद्दल तुम्ही दोघींनी लिहिलंत, त्यावर एक सांगते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या सहावीच्या मुलांची माहिती पुढे बरीच वर्षं तपासली. अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी चार खुणा काढल्या : हजेरी ८० टक्क्यांच्या खाली, वर्तनाचा वाईट शेरा, गणितात नापास, भाषेत नापास. पुढे ज्यांनी हायस्कूल पूर्ण केलं नाही, त्यांच्यातली सुमारे ६० टक्के मुलं या चार खुणांवरून सहावीतच ओळखता येत होती. शिकागोतही २०१४ मध्ये असाच अभ्यास झाला. तिथं मधल्या वर्गांतली हजेरी आणि वर्गातले गुण हेच नववीत मूल टिकेल का, याचे चांगले अंदाज देत होते. त्यांची शाळा वेगळी, आपली वेगळी, मान्य. पण हजेरीपट तर आपल्याकडेही रोज भरला जातो. तो नोव्हेंबरमध्ये उघडून कुणाचे दिवस गळताहेत हे बघायला पैसे लागत नाहीत.

जुनीगिरणी सर, परीक्षेला माझा विरोध नाही. आठवीची परीक्षा झाली की मुलाला काय येत नाही हे कळेल. पण कळल्यानंतर ते शिकवायला वेळ किती? निकाल १ मेला, पुनर्परीक्षा जूनच्या आसपास, मध्ये सुट्टी. तीन वर्षांचा अपूर्णांक त्या मधल्या दिवसांत कोण शिकवणार? त्याच वर्गात ठेवलं तरी त्याच शिक्षकाकडून त्याच पद्धतीनं पुन्हा तेच होणार. असर या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं होतं. बरोबर करणारी होती ४३.३ टक्के. आणि सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सफाईनं वाचता आला नाही. ही मुलं शाळेतून गेलेलीच आहेत. त्यांना परीक्षेपेक्षा सहावीत कुणीतरी शेजारी बसून भागाकार बघायला हवा होता.

सातरस्ता

विषय थोडा बाजूला जातोय, पण गणितवाली ताईंनी आरटीईचं लिहिलं म्हणून विचारते. माझी मुलगी २५ टक्क्यांमधून इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत आहे, आता आठवीत. पुढच्या वर्षीपासून पूर्ण फी भरायची म्हणून शाळेनं कळवलंय. आम्हाला झेपणारी नाही. ती सारखी विचारते, मी मैत्रिणींबरोबरच राहणार ना? आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती मिळाली तर काही होईल का?

जुनीगिरणी

ताई, एनएमएमएस शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांमधल्या आठवीच्या मुलांसाठीच असते. विनाअनुदानित शाळेतून बसता येत नाही. निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. तुमच्या मुलीचा तो मार्ग बंद आहे. तेव्हा आत्ताच, दिवाळीच्या आत, दोन-तीन अनुदानित शाळा बघून घ्या, ज्यांच्याकडे सेमीची तुकडी आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतच राहील, बाकीचे विषय मराठीत होतील. मराठी लिहायची सवय आतापासून रोज अर्धा तास. आणि तिला सांगून टाका. जूनमध्ये अचानक कळलं तर नववीचं पहिलं सत्र हातचं जाईल.

शेवटचाबाक, तुमच्यासारख्या मुलींसाठी विडी कामगारांच्या पाल्यांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. तुमच्या शेजारच्या धाकट्या मुलींना सांगा, बऱ्याच जणी कागद नाहीत म्हणून सोडून देतात.

आता गणितवाली ताईंच्या मुद्द्यावर. परीक्षेनं भरपाई होत नाही, हे बरोबर आहे. परीक्षा हवी हे माझं मत तरीही कायम आहे. मात्र इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट दुसरीच आहे. सातवीतून आठवीला मूल शाळा बदलतं तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं? एक दाखला. त्यावर जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख आणि शेवटी दोन रकाने : अभ्यासातील प्रगती, वर्तणूक. पहिल्यात 'समाधानकारक', दुसऱ्यात 'चांगली'. गठ्ठ्यानं दाखले लिहिताना सगळ्यांना हेच लिहिलं जातं. सात वर्षं ज्या शिक्षकांनी त्या मुलाला बघितलं, त्यांना माहीत असतं की याला वाचता येतं पण लिहायला घाबरतो, हिला चष्मा लागलाय पण घालत नाही, हा आजीकडे राहतो. त्यातलं अक्षरही पुढच्या शाळेला कळत नाही. नवीन शाळा मग चाचणी घेते आणि तुकडी ठरवते. या ताईंचं तेच झालं.

अक्कलकोट_लोकल

सर, हे शंभर टक्के. मला आठवीच्या शिक्षकानं एकदा जरी फोन करून विचारलं असतं की हा मुलगा गप्प का, तर मी सांगितलं असतं, तो कन्नडमध्ये विचार करतोय, पाच मिनिटं द्या.

गणितवाली

जुनीगिरणी सर, तुम्ही नेमकं ठिकाण दाखवलंत. माझ्या आठवीत येणारी बरीच मुलं जवळच्या दोन महापालिका शाळांमधली असतात. तिथल्या सातवीच्या वर्गशिक्षकांशी बोलून एप्रिलमध्येच प्रत्येक मुलामागे अर्ध्या पानाची नोंद मागायची, असं मी मुख्याध्यापकांपुढे ठेवणार आहे. गुण नकोत. फक्त एवढंच : अनोळखी मराठी परिच्छेद वाचून त्यातलं सांगता येतं का. अपूर्णांकांची बेरीज जमते का. अडलं तर विचारतो का गप्प बसतो. महिन्याला साधारण किती दिवस गैरहजर आणि कशामुळे. घरी कोणती भाषा. आणि तुकड्या जूनमध्ये पाडण्याऐवजी पहिल्या सत्रानंतर पाडता येतील का, हेही विचारणार आहे. पटवणं अवघड आहे, सेमीच्या तुकडीसाठी पालकांची घाई असते.

विजापूरवेस दादा, तुमचं उत्तर राहिलंच. पोराला जमतंय का, हे बघायला तुम्हाला सातवीचं काही यायची गरज नाही. रात्रपाळी नसेल त्या दिवशी त्याचं सामान्य विज्ञानाचं पुस्तक घ्या. त्याला अजून न शिकवलेलं एक पान काढून द्या, म्हणा, मनात वाच आणि मला समजावून सांग. सांगताना तो पुस्तकातली वाक्यं तशीच म्हणतो की स्वतःच्या बोलण्यात सांगतो, ते ऐका. मध्येच 'का बे, असं का होतं?' असं विचारा. अडखळला तरी चालेल, पुन्हा पानाकडे वळून शोधायला लागला तर तो तयार आहे, सेमीचे इंग्रजी शब्द तो दिवाळीपर्यंत पकडेल. पण पान वाचून काहीच सांगता आलं नाही, तर सेमीत घालू नका. मराठीत जे समजत नाही ते इंग्रजीत समजायला लागत नाही, तो फक्त पाठ करायला शिकेल. तसं असेल तर मार्च-एप्रिल वाचनावर घालवा, मराठी तुकडीत घाला. शाळा कुठलीही असली तरी गणिताचे शिक्षक वर्षभर टिकतात का, हे आधी विचारा.

विजापूरवेस

काल बसवलं त्याला मॅडम. उष्णतेचं पान काढलं. पहिल्यांदा गडागडा वाचून दाखवलं. म्हणलं वाचू नको, सांग. मग थांबला. चहाचं भांडं धरायला फडकं का लागतं, पण लाकडी दांडा असला की का लागत नाही, हे त्यानं सांगितलं, पानात लाकडी दांडा नव्हता. मी म्हणलं आपल्या कारखान्यात शेडचा पत्रा दुपारी का तापतो, तर त्यावर बराच वेळ बोलत बसला. भागाकार मात्र चुकला, शून्य खाली घ्यायचं विसरतो. तेवढं तुमच्याकडं शिकायला पाठवलं तर चालंल का? रविवारी सोडतो.

गणितवाली

पाठवा. येताना सहावीचं गणिताचं पुस्तक आणि एक कोरी वही आणायला सांगा, सातवीचं नको. आणि शेजारचा कुणी त्याच्याच वर्गातला असेल तर त्यालाही घेऊन येऊ दे, दोघं असले की एकमेकांना विचारतात.

शेवटचाबाक

ताई, रविवारी मीही येऊ का? सातवीच्या मुलींना भागाकार शिकवायला मला आवडेल. आमच्या गल्लीतल्या तिघी-चौघी आहेत, दुपारी विड्यांचं काम आटोपल्यावर चारनंतर मोकळ्या होतात.